कृतिशिक्षण (उच्च प्राथमिक)

पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून साधारण सहावी ते आठवीच्या मुलामुलींनी वस्तू घडवत, मोजत, जुळवत घ्यायचे पूरक शिक्षण. गांधीजींच्या नयी तालीमने (वर्धा, १९३७) हस्तोद्योगाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष हातकाम करून शिकण्याची शिफारस केली. पुढे बऱ्याच शाळांत हा तास कागदी फुले आणि तोरणांवरच भागवला गेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकण्याची सूचना आहे.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय उपक्रमांतून शिकवण्यासाठी ओळखले जाते. ती शाळा प्राथमिक. वरच्या वर्गांना मात्र गावाभोवतीचे धंदेच प्रयोगशाळा म्हणून पुरतात.

गुऱ्हाळाचे उदाहरण घ्यावे. ऊस, रस आणि तयार गूळ यांची वजने मुलांनी स्वतः करून उतारा (उसामागे किती गूळ पडला ते प्रमाण) काढला की टक्केवारी आपोआप अंगवळणी पडते; १०० किलो उसामागे साधारण १० किलो गूळ पडतो. काहिलीतली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतली मळी भेंडीच्या चिकट पाण्याने वर येते. ती का येते, हा विज्ञानाचा तास. पाक झाला की नाही हे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थेंब गार पाण्यात टाकून, गोळी वळून ठरवतो. त्याच वेळी लांब दांड्याची तापमापी धरली, तर ११८ अंश सेल्सिअसच्या आसपासचा आकडा दिसतो. चुलवाणाजवळचे काम अर्थातच मोठ्यांनीच करायचे. पण गुळव्याने ‘झाला’ म्हणण्याआधी मुलांनी आपला अंदाज वहीत लिहिलेला हवा. नुसता गरम गूळ खाऊन परतणे म्हणजे सहल, आणि पुष्कळ शाळांचे उपक्रम तिथेच संपतात.

कोल्हापूरच्याच शिवाजी उद्यमनगरातील फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) वेगळा धडा मिळतो. ओतीव लोखंड निवताना आकसते, म्हणून पॅटर्न (वाळूत दाबून साचा करायचा नमुना) तयार वस्तूपेक्षा सुमारे एक टक्का मोठा ठेवतात. भट्टीपासून दूर, शाळेत ओल्या वाळूत लाकडी ठोकळ्याचा साचा दाबून त्यात मेण ओतले तरी आकसणे पट्टीने मोजता येते. ठोकळ्याच्या कडा किंचित निमुळत्या नसतील तर तो काढताना वाळू ढासळते. साचा दुसऱ्यांदा भरताना ही गोष्ट मुले न सांगता सुधारतात.

अडचण वेळापत्रकाची. गुऱ्हाळे दिवाळीनंतर जोरात चालतात, त्यामुळे गुणोत्तर-प्रमाणाचा धडा जूनमध्येच उरकला असेल तर गुऱ्हाळ निव्वळ उजळणीपुरते उरते. धडा पुढे ढकलणे शिक्षकाच्या हाती असते.