पार्श्वभूमी : खान्देशातल्या दगडी भिंती आणि समुद्रतळावरचे ज्वालामुखी

धुळे-नंदुरबार भागात फिरताना सपाट रानातून मधूनच काळ्या दगडाची एक लांब, अरुंद धार उठलेली दिसते. ती कोणी रचल्यासारखी सरळ जाते, ओढ्यापाशी तुटते आणि पलीकडे त्याच रेषेत पुन्हा वर येते. लोक तिला भिंत म्हणतात आणि भूशास्त्रातले नावही ‘भित्ती’च आहे. जमिनीखालच्या भेगेत शिलारस शिरला, तिथेच थंड झाला आणि पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, तेव्हा ही भिंत उघडी पडली.

रस्त्यासाठी जिथे ती कापली आहे तिथे जवळ जाऊन पाहावे. दगडाचे पाच-सहा बाजूंचे खांब आडवे पडलेले असतात, सरपणाची थप्पी लावल्यासारखे. असे खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. लाव्ह्याचा थर वरून आणि खालून थंड होतो, म्हणून त्यातले खांब उभे असतात. भित्ती दोन्ही कडांनी थंड होते, म्हणून तिच्यातले आडवे. कडेचा दगड भिंगाखालीही गुळगुळीत दिसतो, कण ओळखू येत नाहीत. तिथून दोन-तीन मीटर आत गेले की कण नुसत्या डोळ्यांना दिसू लागतात. या दोन खुणा सापडल्या की हा थराचा उरलेला तुकडा नसून भित्तीच आहे, याची खात्री होते.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि आजही तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३३ साली या खडकांचे वर्णन प्रसिद्ध केले. डोंगरांच्या पायऱ्यांवरून ‘ट्रॅप’ हे नाव रूढ झाले. स्वीडिश भाषेत ‘ट्रॅपा’ म्हणजे जिना. पण एवढा लाव्हा आला कुठून? शंकूसारखा डोंगर नाही, विवर नाही, नुसते एकावर एक पसरलेले सपाट थर. त्यामुळे १९व्या शतकात काही अभ्यासकांना वाटले की हा लाव्हा पाण्याखाली पसरला असावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांत हिंडले. त्यांचा तापी खोऱ्यावरचा अहवाल १८६९चा आहे. लाव्हा उघड्यावरच वाहिला, हे मत त्यांनी ठामपणे मांडले. दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म होते, म्हणजे एक थर थंड होऊन त्यावर तळी साचेपर्यंत दुसरा आलेला नव्हता. विहीर खणताना लागणारा तांबडा गेरूचा पट्टाही तेच सांगतो. तो म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात कुजलेला खडक.

पाण्याखाली लाव्हा नेमका कसा वाहतो, हे ब्लॅनफर्ड यांच्या काळात कोणी पाहिलेले नव्हते. ते १९७०च्या दशकात पाहायला मिळाले. हवाई बेटांच्या किनाऱ्यावर पाण्यात बुडी मारणाऱ्यांनी समुद्रात उतरणाऱ्या लाव्ह्याचे चित्रण केले. पाण्याचा स्पर्श होताच वर काचेसारखी साल धरते, आतला रस ती फोडून बाहेर येतो, त्यावर पुन्हा साल धरते आणि उशांसारख्या गोल गाठींचा ढीग होतो. १९७४ मध्ये फ्रेंच-अमेरिकी मोहिमेत ‘अल्विन’ ही पाणबुडी अटलांटिकच्या मधल्या दरीत उतरली, तर तिथला तळही अशाच उशांनी भरलेला होता. मुंबईत आणि इतर मोजक्या ठिकाणी दख्खनच्या लाव्ह्यातही उशा सापडतात. तिथे तेव्हा पाणी साचलेले होते. बाकीचा प्रचंड विस्तार उशांविना आहे. ब्लॅनफर्ड यांचे म्हणणे असे समुद्रातून पक्के झाले.

लाव्हा उघड्यावर वाहिला, तरी तो कुठून वर आला हा प्रश्न उरतोच. भूशास्त्रज्ञ जॉन ऑडेन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातल्या भित्तींचा आढावा घेतला आणि त्यांच्या दिशांकडे लक्ष वेधले. भेगा हीच तोंडे असतील, तर भिंतींचा नकाशा म्हणजे उद्रेकाचाच नकाशा. याच सुमारास समुद्रतळाचे चित्र पालटत होते. अमेरिकी नकाशाकार मेरी थार्प यांनी ध्वनीने मोजलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकमधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावरची दरी काढून दाखवली. १९६३ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी अशा रांगांच्या दोन्ही बाजूंचे चुंबकीय पट्टे, म्हणजे एकाआड एक उलट चुंबकत्व असलेले खडकाचे पट्टे, कसे होतात ते समजावून सांगितले. तळ मधोमध फाटतो, शिलारस भेगेत शिरतो आणि दोन्ही बाजू दूर सरकतात. त्यांनी वापरलेली मोजणी आपल्याच शेजारच्या अरबी समुद्र परिसरातली, कार्ल्सबर्ग रांगेवरची होती. समुद्रतळाचा कवच-खडक मोठ्या प्रमाणात शेजारी शेजारी उभ्या भित्तींचाच बनलेला असतो. खान्देशात शेतात उभे आहे तेच तिथे लाटांखाली आजही घडते आहे.

तिथली मोजणी मात्र अवघड असते. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी टिकत नाहीत, म्हणून उपग्रहावरून जागा मोजता येत नाही आणि सगळा व्यवहार आवाजावर चालतो. २,५०० मीटर खोलीवर दाब वातावरणाच्या सुमारे २५० पट असतो. तळ फुगला की त्यावरच्या पाण्याची उंची कमी होते आणि दाब किंचित घटतो. या घटीवरून सेंटिमीटरभराचा फुगवटाही कळतो. अडचण अशी की दाबमापकाचा आकडा हळूहळू आपोआपच सरकतो, आणि तळ हलला की नुसता आकडा सरकला हे ओळखता येत नाही. म्हणून यंत्रमानव एक वेगळा मापक घेऊन तळावर ठेवलेल्या ठरावीक ठोकळ्यांवर फिरतो आणि स्थिर जागेशी तुलना करतो. भूकंपमापकांचे संकट वेगळे. वरून ध्वनिसंकेत दिला की वजन सुटते आणि ते तरंगत वर येतात. पण २००६ मध्ये पूर्व पॅसिफिक रांगेवर ठेवलेल्या १२ मापकांपैकी बहुतेक परत आलेच नाहीत. खाली उद्रेक होऊन ते लाव्ह्यात अडकले होते.

अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून दूर असलेल्या अ‍ॅक्सियल या समुद्री ज्वालामुखीवर १९९८ मध्ये असेच एक उपकरण लाव्ह्यात अडकले, पण त्याची दाबाची नोंद चालू राहिली. तासाभराहून थोड्या अधिक वेळात लाव्ह्याने ते तीन मीटरहून जास्त उचलले आणि मग रस निघून गेल्यावर खाली बसवले. लाव्हा पातळ पसरतो, साल धरतो आणि आतून रस भरत गेला की फुगतो, हे हवाईत जमिनीवर समजले होते. समुद्रात ते थेट मोजले गेले. खान्देशातले पुष्कळ थर याच पद्धतीने फुगलेले आहेत. थराच्या तळाशी उभ्या नळीसारख्या पोकळ्या, मध्ये घट्ट काळा कातळ आणि वर बुडबुड्यांनी भरलेला भाग, तोच विहीर खणणाऱ्यांचा मांजऱ्या. त्या बुडबुड्यांत पुढे पांढरी-हिरवट खनिजे साचली. जळगाव परिसरातल्या खाणींतून निघणारे झिओलाइटचे स्फटिक तिथलेच. हा मांजऱ्या लवकर कुजतो, म्हणून भोवतीचा थर झिजतो आणि भित्ती तेवढी उरते.

शिलारस खालून सरळ वर येतो ही समजूत आइसलँडमध्ये मोडली. क्राफ्ला ज्वालामुखीत १९७५ ते १९८४ या काळात शिलारस सुमारे २० वेळा भेगांत शिरला आणि नऊ वेळाच जमिनीवर आला. बाकीच्या वेळी तो खालूनच आडवा पळाला. भूकंपांची केंद्रे तासातासाला सरकताना दिसत होती. १९७७ मध्ये वाटेत वाफेसाठी खणलेली एक विंधनविहीर लागली आणि सुमारे तीन टन लाव्हा तिच्यातून वर उडाला. २०१४ मध्ये बाउरदारबुंगा ज्वालामुखीतून निघालेली भित्ती दोन आठवड्यांत जवळपास ४८ किलोमीटर गेली आणि मग होलुह्रॉन इथे फुटली. सहा महिन्यांत ८४ चौरस किलोमीटर जमीन लाव्ह्याखाली गेली.

हे डोळ्यांपुढे ठेवले की धुळे-नंदुरबारचा नकाशा बोलू लागतो. २००७ मध्ये रे, शेठ आणि मलिक या भूशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. १४,५०० चौरस किलोमीटरवर एक किलोमीटरहून लांब अशा २१० भित्ती, जाडी ३ पासून ६२ मीटरपर्यंत आणि सर्वांत लांब ७९ किलोमीटर. जवळजवळ सगळ्या उभ्या आणि तापीसारख्याच पूर्व-पश्चिम. शिलारस जिथे कमीत कमी दाब असेल तिकडे खडक उघडतो. म्हणजे त्या वेळी इथला प्रदेश उत्तर-दक्षिण ताणला जात होता. लांब भित्ती आडव्याच धावल्या असाव्यात आणि मोठ्या भित्तींनी काही वर्षांतच हजार घन किलोमीटरहून अधिक लाव्हा ओतला असू शकेल, असा त्यांचा हिशेब आहे. १९व्या शतकात न सापडलेले तोंड विवर नव्हतेच, ते रेषा होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम झऱ्याचा जिवंत ज्वालामुखीशी काही संबंध नाही. पावसाचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगांतून खोल जाते, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि परत येते. भित्तीचा पाण्याशी संबंध मात्र रोजचा आहे. अखंड भित्ती भूजल अडवते, म्हणून तिच्या वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी टिकते आणि खालच्या अंगाची लवकर आटते. तीच भित्ती फार भेगाळलेली असेल तर उलट पाणी वाहून नेते. कडेला भेगा किती आहेत हे न पाहता नुसत्या नकाशावरून विहिरीची जागा ठरवू नये.

पुढचा प्रश्न शिलारस कुठून कुठे गेला हा. त्यासाठी भित्तीतून बोटाएवढे जाड दंडगोल कापतात. पाण्याने गार ठेवलेली हिरेजडित पोकळ नळी लावलेले छोटे पेट्रोल-यंत्र वापरतात आणि तोडण्याआधी दंडगोलाची दिशा आखतात. हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, स्वतः चुंबकीय असल्याने होकायंत्राची सुई ओढली जाते, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा पडताळतात. भित्तीच्या माथ्यावरचे नमुने टाळतात, कारण वीज पडलेली असेल तर मूळ चुंबकत्व पुसले जाते. रस वाहताना कण प्रवाहाच्या दिशेने कलतात आणि हा कल दगडाच्या चुंबकीय गुणांवरून मोजता येतो, पण तो थंड कडेपाशीच जसाच्या तसा गोठतो. मधला दगड सावकाश थिजतो आणि तिथला कल बिघडतो. म्हणून उत्तर आणि दक्षिण, दोन्ही कडांचे नमुने लागतात. दोन्हीकडचे कण एकमेकांकडे झुकून ज्या दिशेला टोक करतात, तिकडे प्रवाह गेला. एकच कड हाती असेल तर दिशा सांगता येत नाही. खडीसाठी भित्ती पोखरताना अनेकदा नेमकी कडच आधी जाते, कारण मऊ थराला लागून असलेला तो भाग फोडायला सोपा असतो.