मोठा एअर इनटेक लावून ट्रकचं मायलेज वाढत नाही

एअर इनटेक म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी आणि तिचा फिल्टर. तो मोठा करून इंजिनाला जास्त हवा दिली की इंधन कमी लागतं, हा समज चुकीचा आहे. डिझेल इंजिनात हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त असते. डिझेल किती लागणार हे भार आणि वेग ठरवतात. पेट्रोल इंजिनात ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) हवा मोजून हवा आणि पेट्रोलचं वजनाने साधारण १४.७ ला १ हे प्रमाण राखतो, म्हणजे हवा वाढली की पेट्रोलही वाढतं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. पिकअप मंदावला, मायलेज जवळपास तेवढंच राहिलं.

मला खरी काळजी धुळीची वाटते. अशा इनटेकच्या सैल जाळीच्या फिल्टरमधून ती आत गेली की पिस्टन रिंग, सिलिंडर आणि टर्बोची पाती झिजतात. कंपनीचाच फिल्टर वेळेवर बदला, टायरचं प्रेशर तपासा.