डोंगरांनी ग्रीकांना वेगळं केलं?

शाळेपासून आपण एक वाक्य घोकत आलो: ग्रीस डोंगराळ, म्हणून तिथे प्राचीन काळी एक राज्य न होता शेकडो नगरराज्यं झाली. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं फार मोलाचं आहे.

ग्रीसमधलं केऑस बेट पाहा. जेमतेम १३० चौरस किलोमीटर, पण त्यावर चार स्वतंत्र नगरराज्यं! मध्य ग्रीसमधल्या बिओशियाच्या सपाट मैदानातही थीब्ज आणि थेस्पिए ही नगरं शेजारी असून वेगळीच राहिली. उलट अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिका प्रदेशात हायमेटस, पेंटेलिकससारखे डोंगर असूनही सगळा प्रदेश अथेन्सचाच. स्पार्टाने तर सुमारे २४०० मीटर उंचीचा टायगेटस पर्वत ओलांडून शेजारचा मेसेनिया प्रदेश जिंकला. म्हणजे सीमा डोंगराने नव्हे, माणसांनी आखल्या.

भूगोल निरुपयोगी ठरतो असं मात्र नाही. सुपीक जमीन तुटपुंजी, पाऊस बेभरवशाचा. एका खोऱ्यात पीक बुडालं तरी दुसऱ्यात हाती लागे. त्यामुळे धान्याची देवघेव अटळ होती. ती बहुतांशी समुद्रातून चाले, कारण बैलगाडीपेक्षा गलबत कितीतरी स्वस्त पडे. ज्या समुद्राला आपण अडसर समजतो, तोच त्यांचा हमरस्ता होता. इसवी सनपूर्व आठव्या शतकापासून त्याच वाटेने ग्रीक लोक इटलीजवळच्या सिसिली बेटावर जाऊन वसले.