वृत्तदुवे : चर्चागटांतील संकेत

ऑनलाइन चर्चागटांत बातमीची लिंक टाकताना सभासदांनी पाळावयाचे, बहुतांशी अलिखित, नियम. बातमी गटाच्या विषयाला धरून असावी, आधी कोणी टाकलेली नसावी, सोबत मूळ मथळा, वृत्तपत्राचे नाव व तारीख असावी आणि ती का टाकली हे एकदोन ओळींत सांगावे, एवढी अपेक्षा जवळजवळ सर्वत्र आढळते. मजकूर सगळाच्या सगळा न चिकटवता मोजका उतारा देण्याची रीतही तितकीच रूढ आहे.

उगम : या संकेतांच्या उगमाविषयी तीन मते दिसतात. पहिले मत ते यूजनेट या संगणकांवरील जुन्या चर्चाजाळ्यापर्यंत मागे नेते. टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठात या जाळ्याची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते सुरू झाले. आधी काही काळ नुसते वाचावे, विषय सोडू नये, एकच मजकूर गटागटांतून पेरत सुटू नये हे दंडक तेथे रुळले. सॅली हॅम्ब्रिज यांच्या नावे ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालेल्या आरएफसी १८५५ या दस्तऐवजात (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानके व संकेत नोंदवणारी क्रमांकित दस्तऐवजमाला) अशा शिष्टाचारांचे संकलन आढळते. मात्र वेब-पत्त्याचे प्रमाण स्वरूप ठरवणारा आरएफसी १७३८ डिसेंबर १९९४ चा आहे. यूजनेटचे दंडक त्याआधीच रुळलेले होते; त्यामुळे त्याचा वारसा लिंकपुरता नव्हे, सर्वसाधारण वर्तनापुरता मानणे सयुक्तिक ठरते. दुसरे मत ब्लॉगलेखकांना श्रेय देते. ही लिंक कोणाकडून मिळाली हे नमूद करण्याची चाल त्यांच्याकडून आली असावी. तिसरे मत कज्जेखटल्यांवर भर देते. लिंक व उतारा यांपुरते तरी त्याला सर्वाधिक आधार मिळतो.

स्कॉटलंडमधील ‘शेटलंड टाइम्स’ने १९९६ मध्ये ‘शेटलंड न्यूज’विरुद्ध दाद मागितली. प्रतिस्पर्ध्याने टाइम्सचेच मथळे वापरून, त्याचे मुखपृष्ठ टाळून, थेट आतल्या बातम्यांच्या लिंक दिल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये अंतरिम मनाईहुकूम मिळाला आणि पुढील वर्षी तडजोड झाली. प्रत्येक मथळ्याखाली ही शेटलंड टाइम्सची बातमी असल्याचे लिहावे, या अटीवर लिंक देण्यास मुभा मिळाली. मथळ्याशेजारी वृत्तपत्राचे नाव देण्याची आजची रीत या अटीशी किती जुळते, हे सहज ध्यानात येते. मात्र थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. दुसरा खटला अमेरिकेतील. ‘फ्री रिपब्लिक’ या चर्चास्थळाचे सभासद अख्ख्या बातम्या चिकटवून त्यांखाली टीकाटिप्पणी करीत. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ व ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांनी १९९८ मध्ये दावा लावला. चर्चेसाठी केलेली नक्कल म्हणजे उचित वापर (परवानगीविना केलेला, पण कायद्याला मान्य असलेला वापर), हा बचाव २००० मध्ये न्यायालयाने फेटाळला. थोडा उतारा आणि पुढे लिंक हा प्रघात त्यानंतरच्या काळात दृढ झालेला दिसतो. सर्वांना खुल्या असलेल्या बातमीची नुसती लिंक देणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने स्वेन्सन खटल्यात २०१४ मध्ये दिला. पेवॉलमागील, म्हणजे पैसे भरल्यावरच वाचता येणारी, बातमी पूर्ण चिकटवणाऱ्यांना हा निर्णय उपयोगी पडत नाही, तरी तो अधूनमधून पुढे केला जातो.

पत्त्याचे स्वरूप : जुन्या ईमेल व न्यूजग्रुप प्रणालींत लांब ओळ मध्येच तुटे आणि तिच्यासोबत लिंकही तुटे. पत्ता कोनी कंसांत लिहिण्याची शिफारस आरएफसी १७३८ च्या परिशिष्टात आहे ती यासाठीच. २००२ मध्ये केविन गिल्बर्टसन यांनी लांब पत्त्याची लघुलिंक करून देणारे ‘टायनीयूआरएल’ काढले तेही याच अडचणीपोटी. पुढे चित्र उलटले. लघुलिंकमुळे गंतव्य झाकले जाते, म्हणून आज अनेक गटांत ती वर्ज्य आहे. लघुकरण सेवा बंद पडली की तिच्या साऱ्या लिंक एकदम निकामी होण्याचा धोकाही असतो. पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचे शेपूट कापून टाकावे, असा आग्रह अलीकडचा. त्यात ‘यूटीएम’ने सुरू होणारे जाहिरातमोजणीचे घटक किंवा फेसबुकने २०१८ पासून जोडलेली ओळखखूण असते. मात्र काही संकेतस्थळांवर बातमीचा क्रमांकच प्रश्नचिन्हापुढे असतो. तेथे डोळे झाकून कापल्यास लिंक भलतीकडेच नेते.

मथळा : मूळ मथळा बदलू नये हा नियम सर्वपरिचित आहे. ‘हॅकर न्यूज’ या लिंक व चर्चेच्या संकेतस्थळाच्या नियमावलीत दिशाभूल करणाऱ्या व भडक मथळ्यांचा अपवाद केला आहे. पण मूळ मथळा कोणता, हे वाटते तितके सोपे नाही. पानावरचा मथळा आणि लिंकच्या पूर्वदर्शनात दिसणारा मथळा वेगळे असू शकतात; पूर्वदर्शनाचा मथळा फेसबुकने २०१० मध्ये आणलेल्या ओपन ग्राफ पद्धतीने स्वतंत्रपणे नोंदवता येतो. शिवाय संपादक प्रसिद्धीनंतरही मथळा बदलतात, पूर्वदर्शन मात्र जुनेच राहते. मथळा बदलल्याचा आरोप करण्यापूर्वी हे तपासणे इष्ट. सभासदांनी पूर्वदर्शनाचा मजकूर स्वतः बदलण्याची सोय फेसबुकने २०१७ मध्ये काढून घेतली.

वाचून टाकणे : हा संकेत सर्वांना मान्य असून सर्वांत कमी पाळला जातो. ट्विटरवरील वृत्तलिंकांच्या २०१६ मधील एका अभ्यासात सुमारे ५९ टक्के लिंक कोणी उघडल्याच नसल्याचे आढळले. फेसबुकवरील सार्वजनिक पोस्टांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न उघडता पुढे पाठवलेल्या लिंकांचे प्रमाण सुमारे ७५ टक्के निघाले. दोन्ही अभ्यासांची मोजपद्धती वेगळी आहे, तेव्हा आकडे शेजारी मांडून वाढ झाली असे म्हणता येत नाही. लेख न उघडता पुढे पाठवू पाहणाऱ्यांना आधी वाचण्याविषयी विचारणारी सूचना ट्विटरने जून २०२० मध्ये आजमावली.

खासगी संदेशगट : व्हॉट्सॲपने एका वेळी पुढे पाठवण्याची मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर पाच चॅटवर आणली आणि वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एप्रिल २०२० मध्ये एकावर आणली. या गटांतील मजकूर कूटबद्ध व बंदिस्त असल्याने तेथील संकेतांचे पद्धतशीर वर्णन विरळ आहे.

लिंकांचे आयुष्य : प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधील पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या चर्चांत लिंकसोबत वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवरील प्रतीचा पत्ताही देण्याची पद्धत काही गटांत आहे. ही प्रत मूळ लिंकच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला द्यावयाची असते.