धूरशोधक, घरगुती

आगीच्या ज्वाळा दिसण्यापूर्वी पसरणाऱ्या धुराचा वेध घेऊन कर्कश आवाजाने घरातील माणसांना सावध करणारे, बहुधा छताला बसवायचे उपकरण. बाजारात ते स्मोक डिटेक्टर या नावाने मिळते.

त्याच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. एडिसन यांचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांना 1890 मध्ये अमेरिकेत स्वयंचलित विद्युत अग्निसूचकाचे एकस्व (पेटंट) मिळाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बर्मिंगहॅम येथील जॉर्ज डार्बी यांनीही त्या दिशेने रचना केली; परंतु ही उपकरणे उष्णता ओळखणारी असल्याने त्यांना धूरशोधकाचे पूर्वज मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. स्विस भौतिकीविज्ञ वाल्टर येगर विषारी वायू ओळखण्याचे साधन शोधत असता मापकाचा काटा वायूने नव्हे, तर त्यांनी पेटवलेल्या सिगारेटच्या धुराने हलला, ही हकिगत सर्वत्र सांगितली जाते आणि तिचा काळ साधारणतः 1930 नंतरच्या दशकात धरला जातो. त्या तत्त्वाला वापरण्याजोगे रूप एर्न्स्ट माइली यांनी 1940 च्या सुमारास दिले. ड्यूएन पिअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांचा बॅटरीवर चालणारा घरगुती नमुना 1965 च्या सुमाराचा मानतात. तो घरोघरी पोहोचला तो मात्र 1970 नंतरच.

धूरशोधकाचे मुख्य प्रकार दोन: आयनीभवन व प्रकाशविद्युत. आयनीभवन प्रकारात अमेरिसियम-241 या सुमारे 432 वर्षे अर्धायुष्य असलेल्या किरणोत्सारी समस्थानिकाचा अत्यल्प अंश असतो. त्यातील आल्फा कणांमुळे दोन पट्टिकांमधील हवा विद्युतवाहक होते. धुराचे कण त्या हवेतील आयनांना (विद्युतभारित कणांना) चिकटले की प्रवाह घटतो व भोंगा वाजतो. प्रकाशविद्युत प्रकारात अंधाऱ्या कोठडीतील प्रकाशझोत धुराच्या कणांवरून विखुरतो आणि एरवी तो न पोहोचणाऱ्या संवेदकावर पडतो. पहिला प्रकार भडकत्या आगीला, तर दुसरा धुमसत्या आगीला लवकर प्रतिसाद देतो.

सोलापुरात हा भेद महत्त्वाचा ठरतो. चादर व टॉवेल विणणाऱ्या या शहरात यंत्रमाग, सूत आणि तयार माल राहत्या जागेला लागूनच असल्याचे अनेक ठिकाणी दिसते, आणि कापूस पेट घेण्यापूर्वी बराच वेळ धुमसतो. 18 मे 2025 रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण दगावले. मृतांत त्याच आवारात राहणारे कुटुंब होते. अशा घरांसाठी प्रकाशविद्युत प्रकारच श्रेयस्कर होय.

प्रत्येक झोपण्याच्या खोलीत, तिच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर एकेक उपकरण असावे. चुलीपासून ते सुमारे 3 मीटर आणि छताच्या पंख्याच्या पात्याच्या टोकापासून सुमारे 90 सेंटिमीटर दूर बसवावे, अन्यथा मिरचीच्या फोडणीने ते वाजत राहते आणि घरची मंडळी कंटाळून त्याची बॅटरीच काढून ठेवतात. स्वयंपाकघरात उष्णताशोधक योग्य. अनेक उत्पादक घरगुती उपकरणासाठी 4 ते 38 अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात. येथील उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, त्यामुळे पत्र्याच्या छताखाली लावायचे झाल्यास वेष्टनावरील मर्यादा वाचूनच खरेदी करावी. गॅसगळती हे उपकरण ओळखत नाही.

देखभालीत सुताच्या तंतूंचा प्रश्न मोठा आहे. हवेत उडणारा बारीक तंतू जाळीत अडकून कोठडीत शिरतो आणि तेथे धुरासारखाच प्रकाश विखुरतो. जाळीवरून व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश फिरवावा. रंगकामाच्या वेळी उपकरण झाकावे व काम संपताच आवरण काढावे. चाचणीचे बटण दरमहा दाबावे. ठरावीक अंतराने येणारा एकेरी चिवचिवाट सहसा बॅटरी संपत आल्याचा असतो. निर्मितीच्या तारखेपासून 10 वर्षांनी संपूर्ण उपकरण बदलावे. आयनीभवन प्रकारचे जुने उपकरण उघडू नये किंवा भंगारात देऊ नये. ते पुरवठादाराकडे परत करावे.