मार्क्सवादी नजरेतून देशाचं राजकारण आणि जागतिक सत्तापालट (खानदेश)

देशात सत्तेवर कोण बसतं, जगात कोणता देश वर येतो आणि कोणता उतरणीला लागतो, हे नेत्यांच्या भाषणांवरून न पाहता मालकी, मजुरी, नफा आणि कर्ज यांच्या हिशोबातून पाहायची जी पद्धत आहे तिला मार्क्सवादी अर्थदृष्टी म्हणतात. प्रश्न साधा आहे, राबतं कोण आणि वरकड जातं कुठे. हा प्रश्न एका शेताला विचारता येतो, मिलला विचारता येतो आणि अख्ख्या देशालाही. खानदेशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात तो विचारायला लांब जावं लागत नाही, कारण इथला कापूस दीडशे वर्षांहून जास्त काळ जगाच्या बाजाराला बांधलेला आहे आणि सुटायचं नाव घेत नाही.

वरकड मूल्य ही या विचाराची किल्ली. मजुराला मिळते ती त्याच्या श्रमशक्तीची किंमत, म्हणजे तो उद्या परत कामाला येईल एवढी, त्याने दिवसभरात तयार केलेल्या मालाची किंमत वेगळी, आणि या दोन्हीतला फरक मालकाकडे राहतो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवरचा शेतगडी, ठरतो. ओट्यावर बसून वर्षाचा आकडा बोलला जातो, थोडी उचल दिली जाते, बाकीचं धान्य-कपडा-चहापाणी जसं ठरेल तसं, आणि मग वर्षभर पहाटे बैलांच्या वैरणीपासून रात्रीच्या लाइटीत पाणी भरण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. आता याला भांडवली मजुरी म्हणायची की जुन्या सरंजामी बांधिलकीचं शेपूट, यावर भारतातले मार्क्सवादी 1970 च्या दशकात वर्षानुवर्षं भांडले, उत्पादन पद्धतीचा वाद म्हणून तो प्रसिद्ध आहे. गंमत म्हणजे ज्या शेतकऱ्याकडे तो सालदार आहे तोच शेतकरी मार्केटात गेला की दुसऱ्या कुणाच्या तरी हिशोबातला कच्चा माल होतो. एकाच घरात सकाळी शोषक आणि दुपारी शोषित, हे पोथीत बसवायला अवघड जातं आणि माझ्या मते खानदेशातल्या डाव्या राजकारणाची निम्मी अडचण इथेच आहे.

कापसाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. 1818 ला हा मुलूख इंग्रजांकडे गेला, 1852 मध्ये सावदा, यावल, एरंडोल भागात जमीन मोजणीविरुद्ध लोक उठले. पुढच्याच वर्षी कार्ल मार्क्स लंडनहून न्यूयॉर्कच्या एका पेपरसाठी भारतावर लेख लिहीत होता आणि त्याचं म्हणणं असं की इंग्रज गिरणीवाले रेल्वे टाकणार ती कापूस स्वस्तात ओढून न्यायला, पण एकदा लोखंडी रूळ पडले की इथेही कारखाने उभे राहणं त्यांना थांबवता येणार नाही. पहिली अर्धी गोष्ट झपाट्याने खरी झाली. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळ्यांची नजर खानदेश, वऱ्हाड, गुजरातकडे वळली. भाव असे चढले की मुंबईत शेअरचं खूळ लागलं, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, आणि कापसात भेसळ इतकी वाढली की मुंबई सरकारला 1863 मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच दशकात भुसावळ रेल्वेचं मोठं ठाणं झालं. 1865 ला तिकडे युद्ध संपलं, इकडे भाव बसले, पण सावकाराचं कर्ज चढ्या भावाच्या भरवशावर काढलेलं होतं ते काही खाली आलं नाही. दुसरी अर्धी गोष्ट, कारखान्यांची, ती हळूहळू आली, अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. भारतातून इंग्लंडला परत काही न मिळता जे जातं त्याला मार्क्सने 1881 च्या एका पत्रात सरळ रक्त काढणं म्हटलंय. तिकडे दादाभाई नौरोजी हाच हिशोब आकड्यांत मांडत होते, ते मार्क्सवादी नव्हते तरी.

मार्क्सनंतर या विचाराला जागतिक सत्तेपर्यंत नेलं ते हिल्फर्डिंग, रोझा लक्झेंबर्ग, बुखारिन आणि लेनिन यांनी. लेनिनने 1916 साली झ्युरिकमध्ये लिहिलेल्या पुस्तिकेतला मुद्दा असा की बँका आणि उद्योग एकमेकांत मिसळून वित्त भांडवल तयार होतं, मग माल निर्यात करण्यापेक्षा पैसाच निर्यात करणं परवडतं, आणि मोठे देश जग वाटून घेतात. पण देश एकाच वेगाने वाढत नाहीत. कालचा लहान उद्या मोठा होतो, त्याला जुनी वाटणी मान्य राहत नाही आणि भांडण होतं. असमान विकास या दोन शब्दांत सत्तापालटाचं अख्खं स्पष्टीकरण आहे. काउत्स्की हा जर्मन मार्क्सवादी म्हणत होता की मोठी भांडवलं आपसात समझोता करून मिळून जग लुटतील, युद्धाची गरज नाही. तो लेख छापून येईपर्यंत 1914 चं महायुद्ध सुरू झालेलं होतं, त्यामुळे बिचाऱ्याचं हसंच झालं, तरी 1991 नंतरचं जग बघून काही लोक त्याला परत वाचायला लागले. पुढे समीर अमीन, वॉलरस्टीन वगैरे अभ्यासकांनी केंद्र (नफा ओढून घेणारे श्रीमंत देश) आणि परिघ (कच्चा माल आणि स्वस्त मजुरी पुरवणारे देश) ही भाषा रुळवली, आणि आरिगी या इटालियन अभ्यासकाने जिनोआ, हॉलंड, ब्रिटन, अमेरिका अशी वर्चस्वाची रांग लावून दाखवली, ज्यात प्रत्येकाची उतरण ओळखायची खूण एकच, पैसा कारखान्यातून निघून सट्ट्यात आणि कर्जात घुसतो.

केंद्र आणि परिघ म्हणजे काय हे बघायचं तर हंगामात एखाद्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात बसावं. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाइन, मोबाइलवर न्यूयॉर्कचा वायदा पाउंडाला सेंटमध्ये, भिंतीवरच्या बोर्डावर खंडीचा भाव रुपयात, आणि बाहेरचा माणूस विचारतोय "आज काय भाव शे?" तो क्विंटलमध्ये. खंडी म्हणजे 356 किलो रुई, त्यासाठी साधारण दहा-साडेदहा क्विंटल कापूस लागतो, सरकीचे पैसे वेगळे. सेंट, खंडी आणि क्विंटल या तीन मापांच्या मधल्या पायऱ्यांवर कोण कोण उभं आहे ते मोजलं की बराचसा सिद्धांत समजतो. 2022 च्या मे महिन्यात खंडी लाखाच्या वर गेली. त्या आशेने पुढच्या हंगामात जळगावकडे लोकांनी कापूस विकलाच नाही, घरात छतापर्यंत भरून ठेवला, अंगाला खाज सुटली, पोरं बाहेर झोपायला लागली, आणि 2023 च्या उन्हाळ्यात शेवटी पडेल त्या भावाला काढला. साठवणारा तोच, पण साठवायची ताकद आणि थांबायची ताकद वेगळी, आणि थांबायची ताकद ज्याच्याकडे त्याला भांडवल म्हणतात. आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध 2003 पासून तक्रार लावून धरली ती याच कारणाने, तिथला शेतकरी आणि एरंडोलचा शेतकरी एकाच वायद्याखाली दबलेले.

आता देशातलं राजकारण. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं, अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोसांची, आणि तयारीसाठी गावोगाव फिरणाऱ्यांत साने गुरुजी. त्याच वेळी तिथे किसान सभा या शेतकऱ्यांच्या डाव्या संघटनेचंही अधिवेशन झालं. सारा आणि खंड कमी करा, कर्ज थोपवा, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी द्या असा शेतीचा कार्यक्रम फैजपूरला ठरला आणि स्वातंत्र्यानंतर त्यातलं किती झालं हा हिशोब डावे अजून मागतात. राज्यसंस्था कोणाची, यावर त्यांचं स्वतःचंही एकमत नाही. 1964 ला कम्युनिस्ट पक्ष फुटला त्याच्या कारणांत हेही एक होतं, एका बाजूला राष्ट्रीय भांडवलदारांशी हातमिळवणी शक्य आहे असं मानणारे, दुसऱ्या बाजूला हे राज्य भांडवलदार-जमीनदारांचंच आहे असं म्हणणारे. 1984 मध्ये अर्थतज्ज्ञ प्रणब बर्धन यांनी जरा वेगळी मांडणी केली की भारतात उद्योगपती, बडे शेतकरी आणि नोकरशाही-पांढरपेशे असे तीन धनी आहेत आणि सरकार तिघांना वाटत बसतं. महाराष्ट्रातली 1972 ची कापूस एकाधिकार खरेदी योजना, ज्यात कापूस फक्त सरकारच घेणार होतं, त्या चौकटीत बरोबर बसते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी मार्क्सवादी नव्हतेच, उलट विरोधकच, पण शहरी भांडवल शेतीतून उभं राहतं हा त्यांचा युक्तिवाद शेतीतून पैसा काढून उद्योग उभे करायचे का या सोव्हिएत काळातल्या वादाशी इतका मिळतो की दुर्लक्ष करता येत नाही.

खानदेशाची स्वतःची भर मात्र वेगळी आहे. 1970 च्या सुमाराला शहादा-तळोदा भागात भिल्ल आदिवासींच्या सावकार आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेलेल्या जमिनी परत घ्यायची चळवळ उभी राहिली, अंबरसिंग महाराज आणि नंतर श्रमिक संघटना, ज्यात शहरातून आलेली शिकलेली पोरंही होती. तिथे कळलं की इथली जमिनीची रेघ आणि जातीची रेघ जवळजवळ एकच आहे. धुळ्याचे शरद पाटील नेमकं हेच म्हणत माकपमधून बाहेर पडले आणि 1978 मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्स-फुले-आंबेडकर एकत्र वाचल्याशिवाय भारतातलं शोषण समजत नाही, नुसत्या वर्गाने भागत नाही ही त्यांची मांडणी. पक्ष लहानच राहिला, विचार मात्र बराच लांब पोचला.

जागतिक बाजूला मार्क्सवादी ज्या तारखा मोजतात त्या थोड्याच. 15 ऑगस्ट 1971, निक्सनने डॉलरची सोन्याशी गाठ सोडली. 11 डिसेंबर 2001, चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि आज जगातल्या कारखानी उत्पादनाचा सुमारे 30 टक्के वाटा त्याचा. 2008 ची मंदी. आणि 2022, जेव्हा युक्रेन युद्धावरून पाश्चात्त्य देशांनी रशियाची परकीय गंगाजळी गोठवली. 2022 ते 2024 अशी सलग तीन वर्षं जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांच्या वर सोनं घेतलं, कारण सोनं तिजोरीत असलं की दुसऱ्या कुणाला गोठवता येत नाही. जळगावच्या सराफ बाजारात 2025 मध्ये तोळा लाखाच्या पुढे गेला तेव्हा लग्न काढलेल्या घरांना डॉलरच्या वर्चस्वाला तडा जातोय वगैरे कुणी सांगितलं नाही, पण भाव चढण्यामागे ते एक कारण होतंच. खताचंही तेच, चीनने 2021 पासून निर्यात आवळली की इथे सोसायटीत डीएपीच्या गोणीसाठी रांग लागते, छापील भाव 1350 रुपये आणि वर लिंकिंगचा, म्हणजे सोबत जबरदस्तीने घ्यायला लावलेला दुसरा, माल गळ्यात.

मग ब्रिक्स, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांचा गट, हा साम्राज्यवादाला पर्याय का? इथे मार्क्सवाद्यांत उभी फूट आहे. एक गट म्हणतो एकाच्या हातातला चाबूक पाचजणांत वाटला गेला तर परिघातल्या देशांना हात-पाय हलवायला जागा मिळते. दुसरा गट ब्राझीलच्या मारिनीचा उपसाम्राज्यवाद हा शब्द काढतो, म्हणजे मधले देश वरच्यांपुढे वाकतात आणि खालच्यांना वाकवतात. दोघांसाठी उदाहरण म्हणून केळी घ्या. 2024 च्या सुरुवातीला इक्वेडोरने आपली जुनी सोव्हिएत शस्त्रं अमेरिकेला द्यायचं ठरवलं, लगेच रशियाला इक्वेडोरच्या केळीत कीड दिसली आणि त्याने भारतीय केळीकडे मोर्चा वळवला. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात अशी बातमी येते तेव्हा आधी भाव विचारला जातो, राजकारण नंतर. पण घड कापणाऱ्या आणि पाठीवर वाहणाऱ्या टोळीची मजुरी मॉस्कोला माल गेला काय आणि दिल्लीला गेला काय, नगावर किंवा गाडीवरच ठरते, त्यामुळे मला दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त पटतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के टॅरिफ लावलं, त्याचा फटका तयार कपड्यांच्या निर्यातदारांनाही बसला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ केलं, जेणेकरून गिरण्यांना बाहेरचा कापूस स्वस्त पडावा. किसान सभेने याला विरोध केला आणि डाव्यांचं वाचन असं की भांडवलाला बाहेर बसलेला मार देशातल्या शेतीवर ढकलला. सरकारचं म्हणणं कापड उद्योगातल्या नोकऱ्या वाचवायच्या. माफी आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे दसरा-दिवाळीत पहिली-दुसरी वेचणी घरात येते आणि देणेकरी दारात येतात, तेच महिने. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला 8110 रुपये जाहीर होता.