म्हाताऱ्या लेअरच्या खाद्यात जिवाणू कुठून आले?

खानापूरच्या घरामागची गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घालते, मग खुडूक बसते आणि पिलं फिरवते. तेवढा वेळ तिच्या अंडाशयाला विसावा मिळतो. शेडमधली लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेली संकरित कोंबडी, वर्षात तीनशेच्या घरात अंडी देते, आणि खुडूक बसणं तिच्या वाणातूनच काढून टाकलेलं आहे. म्हणून ७२ ते ८० आठवड्यांनंतर ती खाटकाकडे जाते. अंडी कमी होतात, कवच पातळ पडतं, ट्रेमध्ये तडे दिसू लागतात.

निपाणी-चिकोडीकडे प्रोबायोटिकच्या, म्हणजे खाद्यात मिसळायच्या उपयोगी जिवाणूंच्या, पिशव्या येतात, पण वरचा मजकूर बहुधा इंग्रजीत. त्यामागची गोष्ट आपल्या भाषेत कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

कोंबडीची अंडी पुन्हा वाढवायला आधी उपाय होता तिला उपाशी ठेवून पिसं झडवण्याचा. अंडाशय आखडतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण त्यात कोंबडीचे फार हाल होतात. जिवाणूंची गोष्ट मात्र दुसरीकडून, पिलांपासून सुरू होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत खाद्यात थोडं अँटिबायोटिक घातल्यावर पिलं झपाट्याने वाढलेली दिसली, आणि ती पद्धत जगभर गेली. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंटाला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिलांना दिले. साल्मोनेला हा आतड्याचा रोगजंतू पिलांत टिकेना. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली, भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यातलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक. तेव्हा जिवाणूंकडे सगळ्यांचं लक्ष वळलं.

म्हणजे हा शोध पिलांच्या रोगासाठीचा. म्हाताऱ्या कोंबडीशी त्याचा संबंध यकृतातून जुळतो. पिवळ्या बलकाचा माल अंडाशयात नव्हे, यकृतात तयार होतो आणि रक्तातून बीजांडांत पोचतो. वय झालं की यकृतात चरबी साठते, आतड्याचं अस्तर सैल पडतं, जिवाणूंची विषं रक्तात जातात आणि बीजांडं सुकू लागतात. बॅसिलस सबटिलिस किंवा क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम या उपयोगी जिवाणूंचे बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, बनवतानाची उष्णता सोसून आतड्यात पोचतात. दुसरा तर अस्तराला पोसणारं ब्युटिरिक आम्ल तिथेच बनवतो. बऱ्याच चाचण्यांत अंडी आणि कवच सुधारलं. सगळ्यांत नाही, जिवाणूची जात, मात्रा आणि कोंबडीचं वय यांवर ते ठरतं.

कॅल्शियम मात्र पिशवीतून येत नाही. एका कवचाला दोन ग्रॅमहून जास्त लागतं आणि ते मुख्यतः रात्री चढतं. त्यासाठी संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्याचा जाडसर चुरा हवाच.